किर्तीच्या डोळ्यांचा कौल

रविवारी सकाळी नऊला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चपलांचे एकशे बारा जोड होते. मी मोजले. मोरिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. हात रिकामे असले की डोकं आपोआप मोजायला लागतं. एकशे बारा जोड, आणि एक चप्पल एकटीच. तिची जोडीदारीण कुठे गेली ते देवीनेही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

देवी म्हणजे किर्ती. वय आठ, इयत्ता तिसरी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या संतोषची मुलगी. तिला हिरवी साडी गुंडाळून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. डोळे एका जागी ठरत नव्हते. उजवीकडे, वर, डावीकडे, पुन्हा वर. मधेच खांदा उडायचा, पापण्या फडफडायच्या. तिच्याकडे दोन मिनिटं पाहिलं की आपल्यालाच बसल्या जागी चुळबुळ सुटायची.

संतोषची आई, वेणूबाई, मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्या गावी देवीला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. घशाचा ताप येऊन गेला आणि दोन आठवड्यांनी नातीचे डोळे असे पळायला लागले, तेव्हा वेणूबाईंना पाकळ्याच आठवल्या. "आमची गावदेवी उतरलीय पोरीच्या डोळ्यात," त्या म्हणाल्या. चूक भाबडी होती. तिचा धंदा केला सदू महाराजांनी.

हा सदू तीन वर्षांपूर्वी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये दुकानाबाहेर स्टुलावर उभा राहून साड्यांचा सेल पुकारायचा. दाढी नवी होती, गळा तोच.

"चला, लाइन तोडू नका. एक आदमी, एक सवाल, एक कौल. घंटा वाजली की देवी जिकडे बघेल तो जवाब. एकदा घेतलेला कौल बदलून मिळणार नाही."

कुमुदिनीताई पुढे झाल्या. महाराजांनी आधी गोड चौकशी केली, घरात कोण, काळजी कसली. मुलाने नोकरी सोडून कॅनडाला जाऊ नये ही त्यांची इच्छा मला शेवटच्या रांगेत कळली, मग महाराजांना कळायला काय अडचण. "पोरगा जाणार का?" महाराजांनी विचारलं, किर्तीच्या तोंडासमोर घंटा धरली, थांबले, थांबले, आणि वाजवली. डोळे डावीकडे. नाही जाणार. ताईंनी पदराने डोळे पुसले.

मी गप्प बसलो असतो. लोकांना फसायची हौस असते, मी कुठे कुठे पुरा पडणार? पण संतोषच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती, घामाने मऊ झालेली. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरने लिहून दिलेली: लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. महाराज म्हणाले होते, देवीला गोळ्या चालत नाहीत, एकवीस रविवार होऊ देत. हा चौथा होता. पोर रात्री आईचा हात सोडत नव्हती, दिवसातून तीसदा हात धूत होती आणि घास चमच्यातून सांडत होती.

चहाच्या सुट्टीत मी तिला पाणी दिलं.

"आजोबा, मी नाही बघत," ती म्हणाली. "ते आपोआप होतं. डोळे दुखतात."

"महाराजांना सांगितलंस?"

"सांगितलं. आणि मी दोन्हीकडे बघते. दुसरीकडे बघते तेव्हा ते घंटाच वाजवत नाहीत."

आम्ही एकशे बारा माणसं. जे कुणालाच दिसलं नाही ते तिला खुर्चीत बसून दिसलं होतं.

मी घड्याळ काढलं. पुढच्या प्रश्नाला मिनिटभर, तिच्या प्रत्येक नजरेला एक, अशा कागदावर रेघा ओढल्या. उजवीकडे तेवीस, डावीकडे एकवीस, वरच्या सोडून दिल्या. घंटा एक. जिथे चव्वेचाळीस नग येतात आणि एकाचीच नोंद होते, तिथे मालाची तपासणी करत नाहीत, नोंद करणाऱ्याची करतात.

तेवढ्यात किर्तीच्या वर्गशिक्षिका राजसीबाई तिची वही घेऊन आल्या. त्यांनी संतोषला दोन पानं दाखवली. तापाआधीचं अक्षर टपोरं. तापानंतरचं, कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. "देवी आली म्हणता," त्या म्हणाल्या, "मग अक्षर कोण घेऊन गेलं?"

मी त्यांना रेघांचा कागद दिला. त्यांनी तो वाचला, आणि सरळ महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"एक सवाल माझा. पण घंटा मी वाजवणार, देवीकडे पाठ करून. देवी खरी असेल तर तिला काय फरक पडतो?"

"बाईमाणसाने घंटा वाजवली तर देवी कोपते."

"देवी कोण, पुरुषमाणूस?"

मागे कोणीतरी हसलं. महाराजांना घंटा द्यावी लागली.

बाईंनी पाठ फिरवली. "सवाल असा. आपले सेक्रेटरी हरिचंद्र जिवंत आहेत का?" हरिचंद्र पहिल्या रांगेत बशीतून चहा ओढत होते. घंटा वाजली. डोळे डावीकडे.

"मेले," कोणीतरी म्हणालं.

पुन्हा तोच सवाल. उजवीकडे. पुन्हा, डावीकडे. पुन्हा, उजवीकडे. पुन्हा, उजवीकडे.

"तीनदा जिवंत, दोनदा मयत," मी नोंद वाचून दाखवली. "बहुमताने वाचले."

हरिचंद्रांनी बशी खाली ठेवली. सगळे हसत होते, वेणूबाई सोडून. महाराजांनी कोपाचं, विटाळाचं काहीबाही सुरू केलं, पण सेल संपल्यावर पुकारणाऱ्याकडे कोण बघतं.

वेणूबाई उठल्या. नातीच्या अंगावरची साडी सोडवली, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"बाय माझे, डॉक्टरकडं जायाचं काय?"

किर्तीचे डोळे डावीकडे गेले. कौलाप्रमाणे, नाही. पण वेणूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो," किर्ती म्हणाली.

त्याच दुपारी संतोष तिला कल्याणला घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: घशातल्या जंतूंशी लढायला शरीर जे सैन्य उभं करतं, ते कधी कधी ओळख चुकतं आणि हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागालाच भिडतं. मग डोळे, हात, खांदे माणसाचं ऐकत नाहीत. भीती वाढते, स्वभाव बदलतो. यात हृदयालाही धोका असू शकतो, म्हणून तेही तपासलं. थोडी सूज निघाली. औषधं सुरू झाली. चार रविवार आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच ते म्हणाले.

आता चार महिने झाले. दमली की डोळे अजून पळतात, पण घास तोंडात जातो आणि अक्षर परत टपोरं व्हायला लागलंय.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण मूल अचानक बदललं, त्याचे डोळे, हात त्याचं ऐकेनासे झाले, तर त्याला डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी. आणि कोणी चमत्कार दाखवत असेल तर घंटा कोणाच्या हातात आहे ते बघा. वाजलेली घंटा सगळ्यांनाच ऐकू येते. न वाजलेल्या मोजा.