प्रसिद्धीचं काम

"रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काय काढताय? निदान तुम्ही तरी बसा," ती छायाचित्रकाराला म्हणाली.

प्रदर्शनाचा दुसरा दिवस होता. पलीकडच्या दालनात एका बड्या कंपनीचा यंत्रमानव नाचत होता आणि झाडून सगळे पत्रकार तिकडे लोटले होते. तिच्या पत्रकार परिषदेला दोघेच आले होते. त्यातला एक गार हवेत गाढ झोपला होता.

टेबलामागे इंजिनिअर उभा होता. अर्धांगवायूने वडिलांचा उजवा हात गेला, तेव्हा त्याने हे उपकरण बनवायला घेतलं. टेबलाच्या कडेला बसवायचं, बाटली आत सरकवायची, की एका हाताने झाकण निघतं.

"अहो, जाऊ द्या," तो म्हणाला. "वस्तू चांगली असली की लोक येतात."

"कोपऱ्यात पडली असली की नाही येत."

मालकापासून हमालापर्यंत सगळी कंपनी तिला ताई म्हणायची. हा एकटाच नुसतं 'अहो' म्हणायचा. चाळिशी उलटलेल्या बाईने एवढ्याशा शब्दावर इमले बांधू नयेत, हे तिला कळत होतं. तरी तो कानावर पडला की तिची मान आपोआप वळायची.

ती उठली आणि चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका मोठ्या दैनिकाच्या बातमीदार बाईंना तिने गाठलं.

"पत्रक देऊन ठेवा, बघते," बाई म्हणाल्या. बघणार नाही, हे आवाजातच होतं.

"पत्रक राहू द्या. एक हात पाठीमागे घ्या आणि ही पाण्याची बाटली उघडा."

बाई हसल्या. त्यांनी बाटली आधी काखेत धरली, मग गुडघ्यांत, शेवटी झाकण दातांत धरलं. निम्मं पाणी अंगावर सांडलं.

"माझी फजिती करायला आलात का?"

"त्यांच्या वडिलांची रोज व्हायची. एकदा चिडून त्यांनी बाटली भिंतीवर फेकली. काचा वेचता वेचता ह्यांना हे सुचलं."

मग ती बोलतच सुटली. मालकाने नन्नाचा पाढा लावला तरी तो सुट्टीच्या दिवशी येऊन कसा बसायचा, चहा निवून जायचा, कपाळाला वंगण लागलेलं त्याला कळायचंही नाही. लिहिता लिहिता बाई थांबल्या.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी? मी प्रसिद्धी बघते."

दुसऱ्या दिवशी अर्धं पान छापून आलं, फोटोसकट. मग काय, मुंग्यांची रांग लागावी तशी माणसं आली, पाठोपाठ कॅमेरे आले. संध्याकाळी यंत्रमानववाल्या कंपनीचे संचालक स्वतः आले. प्रदर्शन उठायच्या आत सगळं ठरलं होतं: त्यांची परदेशातली शाखा, स्वतंत्र प्रयोगशाळा, पुढच्या महिन्यात तो तिथे रुजू.

शेवटच्या मुलाखतीच्या वेळी ती त्याचा कोट हातावर घेऊन कॅमेऱ्यामागे उभी होती.

"हे श्रेय माझं नाही," तो म्हणाला. "आमच्या ताईंचं आहे. ताई नसत्या तर मी कोपऱ्यातच राहिलो असतो."

त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते अगदी मनापासून म्हटलं होतं. ती हसली, आणि कोटाची कॉलर उगाचच सारखी करत राहिली.

घरी आई पलंगावर बसून होती. तिने आईसमोर वर्तमानपत्राचं पान चादरीवर पसरलं आणि दिवा जवळ ओढला. आई बराच वेळ वाचत होती.

"यात तुझं नाव कुठंय गं?"

"माझं नसतं."

"एवढी मरमर केलीस ती? आणि हा कोण? चांगला दिसतो."

"आमच्याकडे होता."

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"हा फोटो काढला तेव्हा तू तिथेच होतीस ना? कुठे उभी होतीस?"

तिने पानाच्या कडेबाहेर, चादरीवर बोट टेकवलं.

"इथे."