जकातघराची बुजवलेली खिडकी

मित्रांनो, माझ्या मालकांना एक पत्र आले होते आणि आठ महिने त्यांनी त्याला उत्तर दिले नव्हते. ते पत्र कशाबद्दल होते हे कळायला आधी माझ्याबद्दल थोडे सांगावे लागेल. मला स्वतःविषयी बोलायचा सराव नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी नारिंगी छत्री आहे. वेताची मूठ, आठ काड्या, त्यातली एक वाकडी. कारागिराने मला पावसासाठी बनवले, पण माझे आयुष्य गेले ते मिटलेल्या अवस्थेत, उंच धरलेल्या हातात. माझे मालक समुद्रकाठच्या एका जुन्या शहरात गाईड होते. सकाळी साडेआठला वेशीपाशी पर्यटक जमत. तटबंदी, जकातघर, दीपगृह पाहून साडेबाराला धक्क्यावर सहल संपे. मालकांचा आवाज इतका बारीक, की मागची माणसे भलत्याच गटात जाऊन मिसळत. शेवटी मालकीणबाईंनीच मला विकत आणले. "आवाज चढत नाही ना, मग निदान हात तरी चढवा," त्या म्हणाल्या.

मालक फार वाचणारे. काही सांगितले, की "असे एका कागदात आहे, पण खात्री नाही" हे शेपूट जोडायचेच. बाकीचे गाईड त्यांना 'तळटीप' म्हणत. "काय तळटीप, आज किती जण झोपले?" मालक हसून मान खाली घालत.

जकातघराच्या वरच्या मजल्यावर सात खिडक्या आहेत. त्यांतली एक बुजवलेली. एका रणरणत्या सकाळी आमचा गट कंटाळला होता. दोघे तर सरबताच्या गाडीकडे निघालेही होते. तेवढ्यात एका आजीबाईंनी विचारले, "ती खिडकी का हो बुजवली?"

मालकांना ठाऊक नव्हते. माझी मूठ त्यांच्या घामाने ओली झाली. आणि ते बोलू लागले. जकात अधिकाऱ्याची बायको म्हणे तिथे बसून भावाच्या गलबताची वाट पाहायची. गलबत आले नाही. मग तिने ती खिडकीच बुजवून घेतली.

सरबताकडे निघालेले दोघे परत आले. आजीबाईंनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजल्या. आमच्या वाट्याला आलेल्या पहिल्या टाळ्या! मीही खूश झाले, खोटे कशाला बोलू?

वर्षभरात शहरातले सगळे गाईड ती गोष्ट सांगू लागले. पुढे मालकांना दुरुस्तीचे जुने कागद सापडले. वादळात भिंत कलली होती, म्हणून एका गवंड्याने आधारासाठी खिडकी बुजवली होती. बस, एवढेच. हे कोणाला सांगायचे धाडस मात्र त्यांना झाले नाही.

मग गुडघे थकले आणि सहली थांबल्या. मी दारामागच्या खुंटीवर गेले. अंगावर धूळ साचली, घडीत कोळ्याने घर केले. त्याच सुमारास ते पत्र आले. एका शिक्षिकेने लिहिले होते, "आमची मुले शहरावर पुस्तिका काढत आहेत. पहिल्याच पानावर खिडकीची कथा आहे. ती आपल्याला कोणत्या कागदात मिळाली? पुढच्या वर्षी शाळा उघडताना छापायची आहे." मालकांनी पत्र एका जाड पुस्तकात ठेवले. रोज ते पुस्तक काढत आणि पत्र न उघडता परत ठेवत.

परवा त्यांच्याच हाताखाली शिकलेली नवी गाईड घरी आली. "सर, एकदा माझ्या सहलीला चला ना. नुसतं ऐकायला." मालकीणबाईंनी मला झटकून काठीऐवजी त्यांच्या हातात दिले. जकातघरापाशी तिने ती गोष्ट रंगवून सांगितली. आता गलबतात भावाबरोबर त्याची दोन मुलेही होती. मग ती म्हणाली, "ही गोष्ट शोधून काढणारे सर आज आपल्यात आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो, ते... मी..." मालक म्हणाले. कोणालाच ऐकू गेले नाही.

घरी येऊन त्यांनी मालकीणबाईंना सगळे सांगितले.

"म्हणजे इतकी वर्षं मलाही थापच मारलीत?"

"तुलाही. तुझ्या बहिणीलाही."

"तिने तर ती अख्ख्या सासरला ऐकवली! बरं, मग आता खरं लिहा की त्या बाईंना."

"मुलं म्हणतील, म्हातारा थापाड्या निघाला."

"म्हणू देत. पुस्तक छापल्यावर म्हणण्यापेक्षा आत्ता म्हटलेलं बरं."

मालकांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, "ती गोष्ट कोणत्याही कागदात नाही. ती मी रचली, कारण मला उत्तर येत नव्हते आणि लोक निघून चालले होते. ती खिडकी एका गवंड्याने बुजवली. त्याचे नाव सापडत नाही. जमल्यास त्याच्याविषयी लिहा. त्याने सावरलेली भिंत अजून उभी आहे." त्याचीच एक प्रत त्यांनी नव्या गाईडसाठी काढली.

मित्रांनो, छत्री ओली झाली तर वाळवून ठेवा. एखादी काडी वाकली म्हणून तिला फेकू नका. आणि तुम्हाला गाव दाखवणारे कोणी "मला माहीत नाही" म्हणाले, तर त्यांना सोडून जाऊ नका. ते म्हणायला फार जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. मालकांनी पाकीट अर्धे फटीत सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले. मागे एक बाई आपले पत्र घेऊन ताटकळत होत्या.

"आजोबा, टाकताय की परत नेताय?"

"टाकतो, टाकतो," मालक म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडले.