न तोललेलं वजन

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. किराणा दुकानातला नव्हे, तान्ह्या बाळांचा. खाली जड लोखंडी बैठक, पोटावर गोल तबकडी, तिच्यात एक काळी सुई आणि डोक्यावर पाळण्यासारखी खोलगट ताटली. रंग उडालाय, एका बाजूला पोचा आलाय, पण ताटली रिकामी झाली की सुई अजूनही शून्यावरच येऊन थांबते. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी एका मेलेल्या मुलीचं वजन वाढताना पाहिलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनिसाने ताटलीत एकेक वजन ठेवून माझी सुई जुळवली, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "जे असेल तेच दाखव, बाबा." मग मी या दवाखान्यात आलो. कारखान्यांच्या मागची वस्ती, दोन खोल्या, एक लांब बाक, खिडकीला निळा पडदा. दर आठवड्याला बाक आयाबायांनी भरायचा. सिस्टरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "अगं, पाय धर त्याचा. हा पैलवान ताटली मोडून ठेवणार." कुणाचं बाळ गुटगुटीत भरलं की ती माझ्या पाठीवर थाप मारायची, जणू ते बाळसं मीच दिलं होतं. ज्याचं वजन घसरायचं त्याला दूधपावडरीचा डबा मिळायचा.

त्या बाळांत एक ठमी होती. शिलाई कारखान्यात काम करणाऱ्या बाईची मुलगी. चेहरा असा पोक्त, की सिस्टर तिला "या आजीबाई, बसा" म्हणायची. ठमी रडायची नाही. दोन्ही हातांनी ताटलीची कड धरायची आणि सगळ्यांकडे टकमक बघत राहायची.

मग एक दिवस मोठ्या कार्यालयातून आकडेबाई आली. हे नाव वस्तीने ठेवलेलं. तरुण, घाईची, पण मनाने सरळ. ती आयांना समजावून सांगायची, की खूप बाळांचे आकडे एकत्र मांडले की त्यांच्यात एक वळण सापडतं. वजन कधी घटतं, कुणाच्या घरी घटतं, याचा हिशेबी अंदाज बांधता येतो. त्या अंदाज बांधण्याच्या रीतीला ती मॉडेल म्हणायची. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या मॉडेलने आधी मोठं काम केलं. तोवर साहेबलोक म्हणायचे, या बायांना पोरं सांभाळता येत नाहीत. मॉडेलने दाखवलं, की ज्यांच्या आया रात्रपाळीला जातात त्यांचीच वजनं घटतात. पोरांचं बाळसं रात्रपाळी खात होती आणि बोलणी आया खात होत्या. तेव्हापासून रात्रपाळीवाल्यांना न मागता डबे मिळू लागले. माझ्या आकड्यांचं सोनं झालं म्हणून मी फुशारलो होतो.

पण साहेबांना बोट दिलं की ते मनगट धरतात. ते म्हणाले, मॉडेल एवढं हुशार आहे तर दर आठवड्याला तोलायचं कशाला? तीन महिन्यांतून एकदा पुरे. मधलं मॉडेल सांगेल. मला फडक्याखाली झाकून ठेवलं. तोलायचा दिवस यायचा तेव्हा निम्म्या आया यायच्याच नाहीत, कारण दिवस मोडला की मजुरी बुडते. त्यांच्या बाळांच्या नावांसमोर सिस्टर तक्त्यात मोकळी जागा सोडायची.

असं वर्ष गेलं आणि साहेबांनी दवाखान्यात सभा घेतली. आकडेबाईने यंत्र लावून भिंतीवर उजेड पाडला. साहेबांनी सांगितलं, की वस्तीतली मुलं सुधारली आहेत, पुढच्या महिन्यापासून डबे बंद.

शिलाईवाली पुढेच बसली होती. मांडीवर तिचा धाकटा, बारक्या. नावासारखाच. हातापायांच्या नुसत्या काड्या.

"साहेब, याचा डबा बंद करू नका," ती म्हणाली. "मला अंगावरचं दूध उरलं नाही. डब्यावरच जगतोय हा."

"अहो बाई, मी कोण बंद करणारा? आकडे सांगतायत."

"मग ते आकडे आम्हालाही दाखवा की," मागून एक आजी म्हणाली. "आमच्याच पोरांचे आहेत, का कुठून उसने आणलेत?"

लोक हसले. आकडेबाईही हसली. "दाखवते ना, आजी. प्रत्येक बाळाची रेष आहे माझ्याकडे." तिने शिलाईवालीचं नाव शोधलं. भिंतीवर एक हिरवी रेष उगवली आणि छान वर चढत गेली.

"ही बघा तुमची थोरली. साडेदहा किलो झाली आता."

शिलाईवाली बारक्याला आजीच्या ओटीत देऊन भिंतीपाशी गेली. रेषेच्या वरच्या टोकावर तिने बोट ठेवलं.

"ही माझी ठमी?"

"हो."

"साडेदहा किलो?"

"हो. दोन वर्षांची होत आली ना आता."

"मग ताई, ती कुठे आहे तेवढं सांगा. मी जाऊन घेऊन येते."

आकडेबाईला काही कळेना. तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरचा तो गल्लीभर जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "ठमी गेली," ती हळू बोलली. "मागच्या थंडीत. मी मातीला गेले होते."

"मग नोंद का नाही केली?"

"कुठे करू? तुमच्या तक्त्यात वजनाचा रकाना आहे, उंचीचा आहे. गेल्याचा कुठे आहे? मोकळी जागा सोडली."

आकडेबाईने चटका बसावा तसा हात यंत्रावरून काढला. "मोकळी जागा मॉडेलने भरली," ती म्हणाली.

"कशाने भरली?" आजीने विचारलं.

"जी मुलं आली, त्यांच्या वजनावरून."

"म्हणजे जित्यांचं मांस मेलीच्या अंगावर चढवलंत."

मित्रांनो, मी लोखंडाचा, मला काय होणार? पण मी सुन्न झालो. ठमी माझ्या ताटलीत शेवटची बसली तेव्हा साडेसहा किलो होती. त्यानंतर माझी सुई तिच्यासाठी केसभरही हलली नव्हती. मग हे चार किलो तोलले कुणी? माती झालेली पोर भिंतीवर बाळसं धरत होती, आणि तिच्या त्या बाळशापायी तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडचं दूध तुटत होतं.

साहेब घसा साफ करत म्हणाले, "दुःखद आहे. पण एका मुलीने सरासरी हलत नाही."

"एक नाही, साहेब," आकडेबाई म्हणाली. "निम्म्या जागा मोकळ्या होत्या. त्या जागी कोण आहे, कोण नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

ती उठली, माझ्यावरचं फडकं काढलं, मला कडेवर घेतलं आणि सिस्टरला म्हणाली, "चला, दारं दाखवा."

आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. एक कुटुंब गाव सोडून गेलं होतं. एका घरातला धट्टाकट्टा टोणगा पोरगा तर मलाच उपडं करायला निघाला, त्याला आईने वेळ नाही म्हणून आणलं नव्हतं एवढंच. पण बाकीच्या दारांत मी जे तोललं ते सांगताना माझी तबकडी जड होते. ज्यांना मजुरी बुडवणं परवडत नव्हतं, त्यांचीच बाळं सुकलेली. धडधाकट तेवढी दवाखान्यात येत होती आणि मॉडेल त्यांनाच वस्ती समजत होतं. काही घरांत माझ्या ताटलीत ठेवायला कुणी उरलंच नव्हतं. आई नुसती दारात उभी राहायची.

शेवटी आकडेबाई शिलाईवालीच्या खोलीत जमिनीवर बसली. "ठमीची रेष पुसून टाकते," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"पुसू नका," शिलाईवाली म्हणाली. "ती होती. जिथं थांबली तिथं थांबवा."

आकडेबाईने तसंच केलं. तक्त्यात गेलेल्यांचा रकाना घातला, न आलेल्यांची खरी वजनं घातली आणि मॉडेल नव्याने चालवलं. पुन्हा सभा झाली. या वेळी भिंतीवर कितीतरी रेषा खाली वाकलेल्या होत्या आणि काही मध्येच तुटलेल्या. त्यांतली एक साडेसहावर. साहेब "डबे चालू ठेवा" एवढंच म्हणाले आणि कुणाच्या नजरेला नजर न देता निघून गेले. बारक्याचा डबा सिस्टरने त्याच क्षणी काढून दिला, साहेबांचं मन बदलायच्या आत.

मित्रांनो, आता मला पुन्हा दर आठवड्याला पुसतात, आणि कधी कधी कडेवर घेऊन दारोदार नेतात. मला तेलपाणी करा, असं मी सांगत नाही. तुम्हीही उद्या आकडे मांडाल, शिकून मोठाली मॉडेलं कराल. जरूर करा. पण आज एवढं करा. वर्गात हजेरी घेताना एखाद्याचं नाव येतं, कुणी "हजर" म्हणत नाही, आणि बाई पुढच्या नावाकडे वळतात. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा. दार वाजवा. तो का आला नाही, ते त्यालाच विचारा.