शम्माचा ताप

कल्पना सुर्वे आखातातल्या सीब गावी जनावरांच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त तपासत होती. आपल्या सहीवर एखाद्या घोडीचा जीव जाईल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. मार्च २०१४ मधल्या एका मंगळवारी सरकारी पशुवैद्यक खात्याचे डॉक्टर खलफान तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी एक कागद पुढे केला.

"शम्मा घोडीचा रिपोर्ट परदेशातून आला. अँटिबॉडी पॉझिटिव्ह. डूरीन आहे."

कल्पनाने कागद हातात घेतला. डूरीन म्हणजे घोडा-घोडी जुगताना लागणारा रोग. त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून जनावर मारायचं आणि तबेला बंद करायचा, असा नियम.

"पण सर, सर्रा असला तरी ही टेस्ट पॉझिटिव्हच येते ना? सर्रा तर माशी चावून होतो. त्याला औषध आहे."

"म्हणूनच तुमचा रिपोर्ट पाहिला," डॉक्टर म्हणाले. "सर्राचे परजीवी रक्तात दिसतात, डूरीनचे सहसा दिसत नाहीत. तुम्ही लिहिलंय, रक्तात काही नाही. शंका फिटली."

तो रिपोर्ट कल्पनाला चांगला आठवत होता. सकाळची वेळ, एकच थेंब, एकच काच. ती उठून उभी राहिली.

"सर, मला दिसले नाहीत म्हणजे ते नाहीतच, असं नाही होत. मी एकदाच बघितलंय. मला पुन्हा बघू द्या."

डॉक्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "रविवारपर्यंत. मग खलास."

तबेला सीबच्या पुढे, खजुराच्या बागांमागे होता. शम्मा करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची. पोटाखाली सूज आलेली, मागचा पाय ओढत चालायची. तिची देखभाल दयानंद करायचा. तो मूळचा कुडाळचा, कमी बोलणारा माणूस. कल्पनाने चाऱ्याच्या खोलीत मायक्रोस्कोप आणि रक्त फिरवायचं छोटं सेंट्रिफ्यूज मांडलं. काचेच्या बारीक नळीत रक्त भरून फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि त्यांच्यावर एक पांढुरका पट्टा जमतो. परजीवी असलेच तर त्या पट्ट्यापाशी गोळा होतात. एका थेंबापेक्षा ही रीत कितीतरी बरी.

बुधवारी सकाळी काही दिसलं नाही. गुरुवारीही नाही. तिला सामान आवरताना बघून दयानंद हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही सकाळी येतास. सकाळी ती गार असता. तिका ताप दोन-तीन दिसांनी येता, आणि तो सुद्धा दुपारचो."

कल्पना थबकली. परजीवी रक्तात वाढतात तेव्हाच तर ताप चढतो! "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारल्यानच नाय."

तिला स्वतःचीच लाज वाटली. अकरा वर्षं नळ्या तपासल्या, पण नळी आणून देणाऱ्या माणसाला कधी काही विचारलं नव्हतं. तिने थर्मामीटर त्याच्या हातात दिला. "ताप चढला की लगेच फोन करा. सुट्टी असली तरी."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वादी अदाई भागातल्या आपल्या घरी ती जेवायला बसत होती तोच फोन वाजला. "ताई, एकशे चार." ताट तसंच झाकून ती टॅक्सीत बसली.

रक्त घेतलं, फिरवलं, नळी मायक्रोस्कोपखाली ठेवली. पांढुरक्या पट्ट्याच्या कडेला पेशी उगाचच हलत होत्या, कुणी पाठीमागून ढुशी मारावी तशा. तिने स्क्रू अगदी थोडा फिरवला आणि एक बारीक, चपळ जीव वळवळत पुढे आला. मग दुसरा. मग मोजता येईनात इतके.

"दयानंद, बघा."

त्याने डोळा लावला आणि झटकन मागे सरला. "अगे बाय! किती वळवळतत!"

डॉक्टर खलफान तासाभरात आले. बराच वेळ डोळा लावून बसले. "मान्य, आहेत," ते म्हणाले. "पण कल्पना, या दोन्ही रोगांच्या परजीवींचा चेहरामोहरा एकच असतो. डूरीनवाला रक्तात सहसा सापडत नाही, पण सापडलाच तर काचेखाली असाच दिसतो. एवढ्यावर मी कागद बदलू शकत नाही."

ते चुकत नव्हते, हेच तर अवघड होतं. ते गेल्यावर कल्पना तबेल्यात येरझाऱ्या घालत राहिली. माशीला जमेल आणि जुगण्याने होणार नाही, असं काय असेल? शेजारच्या खणात एक तांबडा घोडा शेपटीने माशा हाकत उभा होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"हा कोण?"

"बराक. खच्ची केल्लो आसा, दोन वर्सां झाली. घोडीच्या वाऱ्याक पण गेलो नाय."

कल्पना त्याच्याकडे बघतच राहिली. "याचाही ताप बघायचा. आजपासून."

शनिवारी दुपारी बराक तापला. पहिल्या नळीत काही नाही. दुसरीत, तिसरीत नाही. दयानंद पाणी घेऊन आला, तिने मान हलवून नको म्हटलं. पाचवी नळीही रिकामी. सहावीत, पट्ट्याच्या अगदी टोकाला, एकच वळवळला. एकच, पण पुरेसा होता.

या वेळी डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली तेव्हा चेहरा निवळलेला होता. "खच्ची घोड्याला डूरीन लागायचा कुठून? मारायचा हुकूम मी थांबवतो. पण रोगाचं नाव अजून लिहिणार नाही. वाळवलेलं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवू. तोवर एकही जनावर बाहेर जाणार नाही, आणि सगळीकडे जाळ्या."

अठरा दिवसांनी उत्तर आलं. सर्रा. इंजेक्शनं सुरू झाली. टोचलेल्या जागी शम्माच्या मानेला गाठ आली, दोन दिवस तिने चारा तोंडात घेतला नाही. मग एका सकाळी दयानंदच्या हातून ती गवत ओढायला लागली. तिचा पाय मात्र पुरता सुधारला नाही. अर्बाबने, म्हणजे तबेल्याच्या मालकाने, तिला शर्यतीतून कायमची काढली. "जगली ना? अल्हम्दुलिल्ला," एवढंच तो म्हणाला.

कल्पनाने त्याला कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे त्याचे चाळीस उंट रवंथ करत बसले होते. "माशांनी हे कुठून तरी आणलं असणार, अर्बाब. उंटाच्या अंगात सर्रा वरून न दिसता राहतो. तपासावे लागतील. सगळे."

"सगळे?"

"सगळे. आणि दुपारी."

दुसऱ्याच दिवशी पहिल्या उंटाने मान वळवून तिच्या कोटावर आणि चष्म्यावर हिरवागार चोथा थुंकला. दयानंदला हसू आवरेना. कल्पनाने बाहीने चष्मा पुसला, नळीवर एक नंबर घातला आणि म्हणाली, "यल्ला, चला दयानंद. दुसरा आणा."