चार वाजताची डरकाळी

सिंह काही कोणाच्या बापाचा नोकर नसतो, पण हे सहदेवला सांगणार कोण? सकाळी अकरापासून तो राणीच्या बागेत पिंजऱ्यासमोरचा कठडा धरून उभा होता, आणि आतला सिंह पाय ताणून झोपला होता. मधूनच शेपटीने एखादी माशी हाकलायचा, बस्स, तेवढंच. सहदेवच्या शेजारी त्याची बायको प्रेमा, आणि दोघांच्या मधे त्यांची पावणेपाच वर्षांची जया, हातात शेंगदाण्यांची पुडी. जया अजून एक शब्द बोलली नव्हती. आ, बा असे आवाज काढायची, पण शब्द म्हणावा असा एक नाही. सिंहाची डरकाळी ऐकून पोर दचकेल आणि तिला वाचा फुटेल, एवढ्या एका आशेवर हे तिघं घाटकोपरहून इथवर आले होते.

ही अक्कल शेजारच्या धोंडूमामांची. त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा म्हणे सहा वर्षं मुका होता, आणि एकदा रेडा अंगावर धावून आला तसा "आये गे" करून ओरडला. "पोर आतून अडकलीय रे, सहदेवा. एक जबरी दणका बसायला हवा," असं मामा म्हणाले आणि सहदेवने ते मनावर घेतलं. बुडत्याला काडी पुरते, इथे तर अख्खा सिंह मिळाला. मागच्या महिन्यात विक्रोळीच्या कारखान्यात रजा टाकून त्याने दोघींना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नेलं होतं. जाळीच्या बसमधून सिंह दिसला, तोही झाडाखाली आडवा. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला, तरी ढिम्म हलला नाही. परत येताना प्रेमाला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून पुढचे दोन दिवस तिला स्वतःचाच राग येत राहिला.

कारण प्रेमाला माहीत होतं. जया आतून अडकलेली वगैरे काही नव्हती. जयाला ऐकूच येत नव्हतं.

तिला हे कळलं तेव्हा पोर तेरा महिन्यांची होती. दिवाळीत चाळीतल्या टारगट पोरांनी यांच्या दारात सुतळी बॉम्ब लावला. ओळीतली सगळी तान्ही भोकाड पसरून उठली आणि जया आपली प्रेमाच्या मांडीवर निवांत झोपलेली. सहदेवने कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवलं, "बघा, वाघीण आहे माझी, घाबरत नाही." सगळे हसले. प्रेमा तेवढी हसली नाही.

पुढे जया अडीच वर्षांची झाल्यावर, सहदेव गावी गेला होता तेव्हा, ती एकटीच तिला घेऊन एका मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जयाच्या पाठीमागे घंटा वाजवली, डबा आपटला, आणि सरळ सांगितलं. कानाला मशीन लावा, अशा मुलांची शाळा असते तिथे घाला. आत्ता सुरू केलंत तर चार शब्द तरी येतील. शाळेच्या वयाची झाल्यावर आणलीत तर फार कठीण जाईल.

प्रेमाने ठरवलं होतं, नवरा आला की सांगायचं. तो आला तो पिशवीत नारळ आणि अंगारा घेऊनच. कणकवलीकडच्या त्यांच्या गावात ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि उजवीकडची कळी पडली की देवीचा होकार. सहदेवच्या आईने विचारलं होतं, पाच वर्षांची होईपर्यंत पोर बोलेल ना? कळी उजवी पडली. "आवशीन निरोप दिल्यान हा, दम धरा, डॉक्टर बिक्टर करू नकात, देवीक राग येयत," असा आईचा निरोप सांगत सहदेवने दारातच जयाला उचलून नाचवलं. लग्न झाल्यापासून प्रेमाने त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आज नको, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. मग आठ दिवसांनी. मग दसऱ्यानंतर. अशी दोन वर्षं गेली. भित्री होती हो, दुसरं काय. झाकली मूठ ती, तिने झाकूनच ठेवली.

नुसती झाकली असती तरी एक वेळ चाललं असतं. तिने त्यावर खोटं रचलं. संध्याकाळी सहदेव दारातून "जये" म्हणून हाक मारायचा, तेव्हा प्रेमा पोरीच्या पाठीवर हळूच दोन बोटं दाबायची. पोर वळायची, बापाला बघायची आणि हसत धावत सुटायची. महिन्याभरात पोरीला ते पक्कं कळलं. पाठीवर बोटं दाबली की वळायचं, बाबा दिसतो. पाहुण्यांसमोरही तेच. "ऐकतं की सगळं," असं पाहुणे म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे.

"आता किती वेळ असा घोरत पडणार?" सहदेवने शेवटी पिंजऱ्यावरच्या माणसाला विचारलं.

"चारला मटण येतं. गाडीचा वास आला की उठतो. तेव्हा ऐका, कानठळ्या बसतील," तो म्हणाला.

मग तिघं झाडाखाली बसून चपाती-भाजी खाऊ लागली. सहदेवला भारीच हुरूप आला होता. जूनमध्ये म्युनिसिपालिटीच्या शाळेत नाव घालायचं, दप्तर कुठून घ्यायचं, सगळं त्याचं ठरलेलं. मग थोडा लाजत म्हणाला, "ए, पहिला शब्द बाबा म्हणाली तर तुला वाईट नाही ना वाटणार?"

प्रेमाने हातातला घास खाली ठेवला. "तुम्हालाच म्हणू दे," ती म्हणाली. आणि मग जिवाचा धडा करून, "अहो, मला एक सांगायचंय."

"चार वाजू दे गं. मग काय ते सांग."

तिने परत विषय काढला नाही. पण एक मात्र तिने देवीची शपथ घेऊन ठरवलं. आज पोरीला हात लावायचा नाही. जे काय आहे ते होऊन जाऊ दे. आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात कुठेतरी होतं, डॉक्टरीण चुकली असेल. माणसंच ती, चुकतात. सिंहाचा आवाज म्हणजे काही डबा आपटणं नव्हे. ती मनातल्या मनात गावच्या देवीला म्हणाली, एवढा एक आवाज हिच्या कानात घाल, मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

साडेतीनलाच तिघं परत कठड्याशी येऊन उभी राहिली, सकाळसारखीच जया दोघांच्या मधे. चारला दहा मिनिटं असताना सिंह उठला. पिंजऱ्यात दोन फेऱ्या मारल्या, आणि मान खाली घालून त्याने अशी काही डरकाळी फोडली की कठड्याला टेकलेली माणसं मागच्या माणसांच्या पायांवर पडली. एक बाळ किंचाळून रडायला लागलं. खुद्द सहदेवच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. जया खाली मान घालून पुडीतला दाणा सोलत होती.

आणि प्रेमाचा हात गेला. शपथ, निश्चय, सगळं राहिलं बाजूला. दोन वर्षांची सवय ती. बोटं पाठीवर दाबली गेली आणि जया वळली.

"ऐकलं." सहदेवचा आवाज फाटला. "प्रेमा, ऐकलं गं तिने."

पण पोर वळली होती ती बापाकडे. डरकाळी ऐकणारं माणूस सिंहाकडे बघतं. जयाने सिंहाकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघून हसत होती, रोज संध्याकाळी दारात बघून हसायची तशीच. सहदेवने तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर तिच्या पाठीवर गेली, प्रेमाच्या दोन बोटांवर.

"हात काढ," तो म्हणाला.

प्रेमाने हात काढला. जया परत पुडीकडे वळली. सिंहाने दुसरी डरकाळी फोडली, पहिलीपेक्षा मोठी, मग लागोपाठ तिसरी. जयाने एक दाणा तोंडात टाकला, दुसरा सोलायला घेतला.

"कधीपासून?"

"दिवाळीला बॉम्ब फुटला होता ना, तेव्हापासून." आता प्रेमाला थांबता येईना. तिने इस्पितळाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. "डॉक्टरीण लवकर आणा म्हणाली होती. तुम्ही कौल घेऊन आलात त्याच्या आदल्याच दिवशी."

सहदेवने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मारलं नाही, शिवीही दिली नाही. "दोन वर्षं," एवढंच म्हणाला. मग खाली पडलेला तांब्या उचलत म्हणाला, "मी मानलं असतं गं. आईशी भांडलो असतो." ते खरं होतं की नव्हतं, हे आता कोण सांगणार? पण प्रेमाला ते खरं वाटलं, आणि त्यानेच ती पार खचली.

मटणाची गाडी आली, गर्दी पुढे सरकली. सहदेव जयाच्या पाठीमागे उकिडवा बसला आणि तिला हाक मारू लागला. आधी मोठ्याने, मग रोज दारातून मारायचा तशी, मग अगदी हळू, तिच्या केसांना ओठ लागतील इतक्या जवळून. "जये. जये. ए जये." जाणारे-येणारे थांबून बघत होते. प्रेमा दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती.

दाणे संपले तशी पोर आपणहून वळली. बापाचं तोंड हलताना तिने पाहिलं, डोळ्यांतून पाणी येताना पाहिलं, आणि तिला वाटलं बाबाने काहीतरी नवा खेळ काढलाय. ती खुदकन हसली. मग त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि त्याचं बघून बघून, अगदी तसंच, आवाजाशिवाय तोंड हलवायला लागली. जये, जये, जये.