शब्दाला शब्द

कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो! मी ‘घर’ खोडून ‘सदन’ लिहिलं आणि आमचं घर लांबलं. ओटा ते दार, नव्वद पावलं. स्वयंपाकघरातून निघालेला चहा माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्यावर साय धरली होती.

तेव्हा मी गुळवणींच्या गाईडांच्या छापखान्यात कामाला होतो. दुसऱ्याच्या गाईडातला निबंध घ्यायचा, शब्दाला शब्द बदलायचा, की तो आपला. त्या दिवशी घरी आणलेला निबंध ‘सुखी संसार’ होता.

“अर्थ हलता कामा नये, केळुसकर,” गुळवणी म्हणाले होते.

मी ‘पाणी’चं ‘जल’ केलं. माठातलं पिता येईना, नुसतं शिंपडता येई. ‘दिव्या’चा ‘दीप’ केला. बटण दाबून लागेना, हात जोडले की लागे. काय सांगू मजा! पेन नुसतं पळत होतं!

मग ‘बायको’ आली. मी ‘भार्या’ केलं.

“अहो, परत शाई सदऱ्याला पुसलीत?” असं खेकसणारी आमची वत्सला दारात खाली मान घालून उभी. म्हणाली, “आज्ञा.”

घाबरून ‘पत्नी’ केलं, तर ती सपाट झाली. ‘कांता’ केलं, तर तिच्यातून खिडकीचे गज दिसू लागले. पुढचा शब्द सुचेपर्यंत ती कागद झाली होती. वाऱ्याने जाऊ नये म्हणून मी तिच्या चार घड्या केल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि छापखान्याकडे पळालो. घराबाहेर पडायलाच तास लागला.

“मूळ पान द्या!”

“त्याचा लगदा झाला,” गुळवणी म्हणाले. “आता ज्याला दुसरा शब्द नाही, असा शब्द लागेल. नाव घेऊन हाक मारा.”

मी ‘वत्सला’ म्हणून ओरडलो. कागद हललाही नाही. हलेल कसा? ते नाव मीच दिलेलं! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिलं होतं, माहेरचं पुसून. पहिला बदल तोच.

धावत घरी आलो. भिंती आता दोन्ही बाजूंनी खांद्याला घासत होत्या. ताट काढलं, तांदूळ पसरले, तीच अंगठी उलटी फिरवली. आणि उमटलं की हो जुनं नाव! हाक मारली. ती उठली, घड्या झटकल्या आणि म्हणाली, “चहा टाकू का?” झालं!

वाचनालयाच्या कट्ट्यावर ऐकत बसलेले सगळे पुढे सरकले. मोगरेमास्तर चष्मा पुसत म्हणाले, “मग नाव काय निघालं?”

“छे हो! चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं?”

“आत्ता तर वत्सला म्हणालात.”

मी खिशावर हात दाबून धरला. तरी आतून, चार घड्यांमधून, आवाज आलाच:

“थापा! सांगा ना, काय माझं नाव?”