न विचारता लावलेले तिसरे चाक

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे, असे मोठ्या तोऱ्यात सांगायला मी तोंड उघडले आणि तेवढ्यात आठवले, की आता मला तीन चाके आहेत. तीन! एक पुढे आणि दोन मागे. रस्त्यावरची पोरे मला बघून "ए रिक्षा, ए रिक्षा" म्हणून ओरडतात. या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. माझे बोलणे मधेमधे भरकटले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मी लांबच्या प्रवासासाठी घडवलेली गाडी होते. रुंद सीट, मोठी टाकी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि आवाज असा, की गल्लीच्या टोकाला असले तरी घरात चहा चढायचा. पांढुर्ण्याचे गुलाबभाऊ मला नागपूरहून घेऊन आले. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर कामाला होते. दिवसभर एका जागी बसून मोटारी चालू-बंद करणारा हा माणूस सुट्टी लागली, की मला घेऊन सुटायचा. सांची पाहिली, महू पाहिले, एकदा तर बोधगयेपर्यंत गेलो. आणि दर दसऱ्याला मोहगाव, सौसर, बोरगाव करत नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, हे तर ठरलेलेच. एकही वर्ष चुकले नाही.

मागे यमुनाताई बसायच्या. गुलाबभाऊंच्या त्या पत्नी. पांढरी साडी, मांडीवर डबा, डावा हात डब्यावर, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. दोन्ही पाय डाव्या बाजूला, साडी गार्डच्या पट्टीवर. आपल्याकडे साडी नेसणाऱ्या सगळ्याच बायका अशा डाव्या बाजूने चढतात आणि डावीकडे पाय सोडून बसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीने सगळ्यांची फजिती केली.

खरे सांगायचे तर यमुनाताईंकडे माझे फारसे लक्ष नव्हते. माझा मालक गुलाबभाऊ, एवढेच मला ठाऊक. पेट्रोल पंपावर लोक माझे कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे. मागे बसलेली बाई रस्ता सांगते, पाणी देते, "हळू चालवा" म्हणते, हे माझ्या गावीही नव्हते.

मग एका सकाळी यमुनाताई अंगणात भांडी घासताना एका बाजूला कलंडल्या. लकवा. उजवा हात आणि उजवा पाय गेला. दवाखाना झाला, व्यायाम झाले. काठी धरून चार पावले टाकता येऊ लागली, बोलणेही परत आले, पण सावकाश. एक दिवस गुलाबभाऊंनी त्यांना माझ्यावर बसवून पाहिले. खांदा धरायचा तोच हात गेलेला. त्या घसरल्या. त्यांचा मुलगा रोशन जवळ होता म्हणून वाचल्या.

दसरा आला. रोशन म्हणाला, "मायले रेल्वेनं नेऊ. म्या हाव ना, उचलतो." स्टेशनवर पूल चढायचा होता. रोशनने आणि त्याच्या दोन मित्रांनी यमुनाताईंना उचलले. गर्दी बाजूला होऊन बघत राहिली. कोणीतरी म्हणाले, "जरा सांभाळून, बाई पडन." पुलावर पोहोचल्यावर यमुनाताई रडायला लागल्या आणि परत घरी आल्या. पायरीवर बसून त्या म्हणाल्या ते मी शेडमधून स्वतः ऐकले.

"मले पोत्यासारखं उचलून नेऊ नका. आता कुठीच नेऊ नका."

त्यानंतर त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. लग्न नाही, तेरवी नाही, शेजारच्या घरचे बारसेसुद्धा नाही. मीही टिनाच्या शेडखाली उभीच होते. माझ्यावर पोते टाकले होते. पोत्यावर कोंबडी बसायची. पुढच्या चाकाची हवा गेली. मला वाटले, यापेक्षा वाईट काय व्हायचे राहिले?

मित्रांनो, राहिले होते.

यंदाचा दसरा जवळ आला तसे गुलाबभाऊ मला ढकलत प्रवीणच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. प्रवीण म्हणजे पांढुर्ण्यात ई-रिक्षा दुरुस्त करणारा मिस्त्री. मी खूश! सर्व्हिसिंग होणार, तेल बदलणार, असे मनात मांडे खात होते. प्रवीणने माझी मागची सीट काढली. पेट्या काढल्या. मागचे चाक काढले. साफसफाई जरा जास्तच चालली आहे असे मनात येते न येते, तोच त्याने ग्राइंडर सुरू केला आणि माझ्या फ्रेमवर टेकवला!

ठिणग्या उडाल्या. मी किंचाळले असते, पण आमचा आवाज इंजिनात असतो आणि इंजिन बंद होते. एका दुपारात माझा अर्धा देह कापून जमिनीवर ठेवला. ज्या मालकासाठी मी बोधगयेपर्यंत पळाले, तो शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता. एका शब्दाने मला विचारले नाही. मी अशी हादरले, की अजूनही ग्राइंडरचा आवाज आला की माझ्या टाकीतले पेट्रोल डुचमळते.

माझ्या मागे भंगारातल्या ई-रिक्षाचा धुरा जोडला. रिक्षाचा! त्यावर दोन चाके, पाठ टेकायला खुर्ची, धरायला दांडे. चढायला डाव्या बाजूला पायरी. पायरीची उंची गुलाबभाऊंनी घरून मोजून आणली होती. यमुनाताईंच्या व्यायामाच्या वेळी त्यांनी विटा ठेवून पाहिल्या होत्या. एक वीट आणि वर फरशीचा तुकडा, एवढाच पाय उचलायचा. तेवढ्याच उंचीवर पायरी बसवली. बायकोला यातले काही सांगितले नाही. अचानक नेऊन तिला खूश करायचे होते.

पहिली फेरी गल्लीत काढायची ठरली. आजूबाजूचे दुकानदार जमले. गुलाबभाऊ बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मी सरळ मागे गेले! समोर मोकळा रस्ता आणि मी पाठीमागे धावते आहे. संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांचा ढीग होता, त्यात जाऊन घुसले.

"अबे! हे तं उल्टी चालून राह्यली!" प्रवीण ओरडला.

दुसरा गिअर टाकला, तर आणखी जोरात मागे. लोक पोट धरून हसत होते. चार गिअर आणि चारही मागे जाण्याचे. अशी गाडी जगात दुसरी नसेल.

प्रवीणने धुरा सोडवला, उलटा फिरवून परत लावला. तरी मी मागेच. मग तो डोके धरून बसला आणि त्याच्या लक्षात आले. धुऱ्याच्या आतल्या चक्रांमुळे ई-रिक्षात मोटर एका बाजूने फिरते आणि चाके दुसऱ्या बाजूने. तिथे काही बिघडत नाही, कारण बटन दाबले की मोटरच उलटी फिरते.

"दहा वर्सं झाले रिक्षे खोलून राह्यलो, गुलाबभाऊ," तो म्हणाला, "पन हे डोक्यातच नाई आलं. तुमच्या इंजिनले कायचं बटन?"

शेवटी फिरण्याची दिशा पुन्हा पालटायला मधे एक छोटा दांडा आणि दोन दातेरी चक्रे टाकली तेव्हा मी पुढे चालू लागले. कागदपत्रांसाठी गुलाबभाऊंनी छिंदवाड्याच्या आरटीओत चकरा मारल्या. आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी मला वाजत गाजत घरी आणले.

यमुनाताई काठी टेकत दारात आल्या. गुलाबभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"पाह्य, रोशनच्या माय! खास तुह्यासाठी. आता तू आपल्या पायानं चढशीन. चाल, बस."

यमुनाताईंनी मला पुढून मागेपर्यंत पाहिले. मग सावकाश आल्या, डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय आला. जो हात उठत नाही तो हात, आणि जो पाय भार घेत नाही तो पाय. त्यांनी पाय कसाबसा पायरीवर ठेवला. दांडा पकडायला बोटे वळेनात. एकदा झाले, दोनदा झाले. तिसऱ्यांदा तोल गेला तेव्हा रोशन धावला, "थांब माय, म्या उचलतो." गुलाबभाऊंनी दुसरीकडून खाकेत हात घातला.

"हात नका लावू!"

इतका मोठा आवाज त्या घरात वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. दोघेही मागे सरले.

"मले इचारलं का कोनी?" यमुनाताई म्हणाल्या. "विटा ठू ठू पाय मोजला. मले वाटे, डाक्टरनं सांगतलं असन. एका शब्दानं तरी इचारलं का, का बाई, तू कोन्या बाजूनं चढतं?"

मित्रांनो, ग्राइंडर लागला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला या वेळी बसला. ही तर माझीच तक्रार होती! मी दोन महिने मनात घोकत होते, तीच ही बाई मोठ्याने बोलत होती.

गुलाबभाऊ पायरीजवळ उकिडवे बसले. "आपन सारे जन्मभर डाव्याच बाजूनं चढलो ना," ते पुटपुटले. "माह्या ध्यानातच नाई आलं व." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सोबत आलेला प्रवीण वाकून पायरीचे वेल्डिंग चाचपू लागला.

यमुनाताई मात्र काठी टेकत मला वळसा घालून उजव्या बाजूला आल्या. आता त्यांचा चांगला हात, डावा, माझ्याकडे होता. त्यांनी फ्रेम घट्ट धरली, हलवून पाहिली.

"पायरी इकडून पायजे. अन् दांडा इथं, हाताच्या बरोबर."

प्रवीण वेल्डिंगचे सामान आणायला पळाला. रोशनही मदतीला गेला. गुलाबभाऊ तोंड धुवायला आत गेले. आम्ही दोघीच अंगणात राहिलो. यमुनाताईंची बोटे माझ्या फ्रेमवरून खाली सरकली. जिथे मला कापून जोडले होते तिथे थांबली. तिथे रंगाखाली जाड वळ उठला आहे. त्या हळूच म्हणाल्या, "तुलेबी नसन इचारलं कोनी. दुखलं असन, नाई?"

पंधरा वर्षे मी या बाईला पाठीवर घेऊन फिरले. आज पहिल्यांदा मी तिला नीट पाहिले आणि मला माझीच लाज वाटली.

दसऱ्याच्या सकाळी त्या पांढरी साडी नेसून उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. गुलाबभाऊ, रोशन आणि प्रवीण तिघेही हात पाठीमागे धरून उभे होते. चुकून पुढे जातील म्हणून स्वतःचेच हात पकडून ठेवलेले! यमुनाताईंनी डाव्या हाताने दांडा धरला, डावा पाय पायरीवर टाकला, श्वास घेतला आणि उजवा पाय ओढून वर घेतला. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला. "चाला," त्या म्हणाल्या. "का मुहूर्त पाह्यता?"

मोहगावजवळच्या वळणावर मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. गुलाबभाऊ जुन्या सवयीने वळणावर अंगाने झुकले. दोन चाकांवर असताना मीही त्यांच्याबरोबर झुकायचे. आता मला झुकताच येत नाही! मी नाकासमोर संत्र्याच्या बागेच्या तारांकडे निघाले.

"झुकू नका! हँडल फिरवा, हँडल!" मागून यमुनाताई ओरडल्या.

हँडल फिरले. तारा हातभर अंतरावरून गेल्या. गुलाबभाऊंनी गाडी थांबवून कपाळ पुसले. मागे यमुनाताई हसत होत्या. "जुनं आंग इसरा," त्या म्हणाल्या. "मले वर्स लागलं. तुमाले चार दिवस तं लागतीनच." हे त्या नवऱ्याला म्हणाल्या, पण मी माझ्यापुरते लिहून घेतले. सौसर येईपर्यंत वळणे कशी घ्यायची ते मला जमू लागले होते.

नागपूरला पोहोचलो तर माणसांचा समुद्र. निळे झेंडे, पांढरे कपडे, चारी दिशांनी जयभीम. एक तरुण स्वयंसेवक यमुनाताईंची काठी बघून धावत आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. मी गारठले. पुन्हा तेच होणार, पुन्हा पोते.

यमुनाताईंनी डावा हात वर केला. "थांब बापू. आदी इचार."

पोरगा गोंधळला. मग म्हणाला, "माय, हात देऊ का?"

त्यांनी गर्दीकडे पाहिले, पायरीकडे पाहिले, जरा विचार केला.

"दे," त्या म्हणाल्या. आणि त्याचा हात धरून उतरल्या.

मित्रांनो, माझ्या चेनला वेळेवर तेल द्या, ऊन-पावसात माझ्यावर काहीतरी घाला, कोंबडीला दुसरी जागा दाखवा. एवढे केले तरी मी खूश आहे. मला कापताना कोणी विचारले नाही, याचा रागही आता फारसा उरलेला नाही. मी यंत्र आहे, मला विचारले असते तरी मी काय बोलणार होते? पण ज्यांना बोलता येते, त्यांना तरी हात लावायच्या आधी विचारत जा.